समुद्र म्हणजे विहीर नव्हे

सोयाबीन विकले गेले, शेंगा घरात येऊन पडल्या, की आपल्याकडील माणसाला समुद्राची आठवण होते. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी जुन्या गोव्याला जाणारी कुटुंबे आपल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. नाताळच्या सुट्टीत कोणी कारवार-गोकर्णला जातात, कोणी मुरुडेश्वरला. आणि मे महिन्यात युवकांची बस तर ठरलेलीच असते. नवनगरहून यांतले कोणतेही ठिकाण म्हणजे एका रात्रीचा रस्ता. अरबैल घाट उतरला किंवा अनमोडचा घाट उतरला, की खारा वारा लागतो आणि बसमधली झोपलेली मुले उठून बसतात.

या पानावर आम्ही एरवी हुमणी, करपा, जनावरांची लाळ-खुरकुत अशा विषयांवर लिहितो. शेतकऱ्याच्या पानावर समुद्र कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु समुद्रात बुडणाऱ्यांत समुद्राकाठची माणसे थोडी असतात, आपल्यासारखी घाटावरची माणसेच पुष्कळ असतात, हे अलीकडच्या काही घटना पाहिल्या म्हणजे ध्यानात येते. १० डिसेंबर २०२४ रोजी मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या एका निवासी शाळेच्या मुली पाण्यात ओढल्या गेल्या. तिघींना वाचविण्यात आले, चौघी गेल्या. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण बुडाले. बेळगाव म्हणजे आपल्या धर्मप्रांताचे मुख्य ठिकाण. त्या दिवसाचा शोक आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिला आहे. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याजवळ पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी असेच गेले. कोलार, बेळगाव, पुणे. तिन्ही गावांना समुद्र नाही. तिन्ही वेळा सहल होती, दिवसाउजेडी घडले आणि मुलांबरोबर मोठी माणसे होती.

अशा बातमीनंतर आपल्या लोकांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते: देवाची इच्छा, दुसरे काय! शोकात बुडालेल्या आईने हे म्हटले तर तिच्यापुढे आम्ही मान खाली घालू. तिच्या त्या शब्दांत श्रद्धा असते. परंतु सहल काढणाऱ्यांनी हे वाक्य उच्चारले, तर ते आम्हांला मान्य नाही. मळणी यंत्रात सदऱ्याची बाही गेली आणि हात तुटला, तर आपण यंत्राला जाळी नव्हती असे म्हणतो. उघड्या पट्ट्याचा दोष देवावर ढकलीत नाही. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या कड्यावरून उडी टाकायला सांगितले, देवदूत झेलतील असे आमिषही दाखविले. प्रभूने त्याला काय उत्तर दिले ते लहान मुलांनाही ठाऊक आहे. देवाची परीक्षा पाहणे याला श्रद्धा म्हणत नाहीत. मुरुडेश्वरच्या घटनेत सहलीबरोबरच्या शिक्षकांना अटक झाली. त्या एकेका माणसाच्या दोषाचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण कायदा त्या मृत्यूंकडे दैवगती म्हणून पाहत नाही, एवढे आपण समजून घेतले पाहिजे.

आता आपल्या माणसाचा मुख्य गैरसमज कोणता, ते पाहू. तो म्हणतो, मला पोहता येते. आणि त्याला येतेही! पाठीला पत्र्याचा डबा बांधून तो विहिरीत शिकला, आठव्या वर्षी कठड्यावरून उड्या मारू लागला, पावसाळ्यात भरल्या तळ्याच्या या काठावरून त्या काठावर गेला. त्याचा हा अभिमान खोटा नाही. मात्र विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. चार हात मारले की हाताला दगड लागतो, पायरी लागते. वर कोणीतरी उभे असते. समुद्राचे पाणी जागेवर राहत नाही, आणि दमलेल्या माणसाला धरायला तेथे कठडा नसतो. आम्हांला तर असे वाटते, की ज्याला अजिबात पोहता येत नाही तो भीतीने गुडघाभर पाण्यात तरी थांबतो. धोका त्याला अधिक, ज्याला विहिरीपुरते पोहता येते.

पाणी माणसाला ओढून नेते म्हणजे नेमके काय होते, हे शेतकऱ्याला समजावून सांगणे सोपे आहे. मोठा पाऊस झाला आणि वावरात पाणी तुंबले, की ते बांधावरून सारखे वाहून जात नाही. बांध जेथे खचलेला असतो तेथे ते गोळा होते, आणि त्या एका फटीतून एवढ्या जोराने निघते की खालची माती खणून नेते. किनाऱ्यावरही हेच घडते. लाटा एकामागून एक पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात, त्यांत जेथे खोलगट जागा सापडते तेथून ते एखाद्या ओहोळासारखे समुद्राकडे परत धावते. याचा वेग बहुधा माणसाच्या चालण्याहून कमी असतो. पण काही वेळा तो सेकंदाला आठ फुटांपर्यंत जातो, आणि त्या वेगाविरुद्ध जगातला उत्तम पोहणाराही टिकत नाही.

यात फसगत होते ती अशी. जेथून पाणी परत जाते तेथे लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असतो, आणि मधला पट्टा मात्र शांत, थोडा गडद, कधी गढूळ दिसतो. घाटावरचा माणूस लाटांना भितो आणि तो शांत पट्टा निवडून मुलांना तेथे उतरवितो. म्हणजे बांध जेथे फुटला आहे, नेमका तेथेच!

हा ओहोळ माणसाला खाली ओढीत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाशी झुंजताना, दम संपला म्हणून. म्हणून त्यात सापडल्यास झुंजू नये. पाठीवर पडून तरंगावे, एक हात वर करून खूण करावी, ओरडावे. हा ओहोळ फार रुंद नसतो आणि लाटा फुटतात त्याच्या पलीकडे बहुधा त्याचा जोर ओसरतो. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत फेसाच्या पट्ट्याकडे यावे आणि तेथून लाटांबरोबर बाहेर निघावे. आडवे, हा शब्द मुलांकडून दहा वेळा म्हणवून घ्यावा. प्रसंग आला म्हणजे विचार करायला वेळ नसतो, पाठ केलेलेच कामाला येते.

आणखी एक गोष्ट. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ‘वाचवा वाचवा’ असे ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याशी वरखाली होत असते, श्वास घ्यायलाच सवड नसते, मग ओरडणार कसा? अंग उभे, डोके मागे, हात पाण्यावर आपटल्यासारखे, आणि आवाज नाही. लहान मूल तर मिनिटाच्या आत दिसेनासे होते. काठावर दहा मोठी माणसे बसली होती आणि कोणालाच कळले नाही, असे आपण ऐकतो ते यामुळे. आजकाल तर त्या दहांतील आठजण मोबाइलमध्ये पाहत असतात. मुलांवर नजर ठेवायला नेमलेल्या माणसाने तेवढा वेळ दुसरे काही करू नये: मोबाइल नाही, पत्ते नाहीत, चिकनला मसाला लावणे नाही. अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी.

सहलीच्या बसबद्दल आमची एक जुनी तक्रार आहे. रात्री अकराला निघायचे आणि पहाटे पाच-साडेपाचला किनाऱ्यावर उतरायचे, ही आपली पद्धत. लॉजचे एका रात्रीचे पैसे वाचतात, हे खरे. परंतु त्या वेळी किनाऱ्यावर कोण असते? गोवा सरकारने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले आहेत आणि त्यांनी आजवर हजारो माणसे पाण्यातून काढली आहेत. पण ते दिवसाच्या ठराविक वेळेतच असतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात गोकर्ण, मुरुडेश्वर अशा गर्दीच्या ठिकाणी जीवरक्षक आहेत, प्रत्येक किनाऱ्यावर नाहीत. आपली मुले रात्रभर जागून, दमून, अंधूक उजेडात पाण्याकडे धाव घेतात तेव्हा तेथे कोळ्याच्या होडीशिवाय काही नसते. पहाटे पोहोचलातच, तर आधी चहा, मग प्रार्थना, मग नाश्ता. जीवरक्षक येऊन उभा राहीपर्यंत कोणाचा पाय ओला होता कामा नये. वेळ जात नसेल तर जवळच्या चर्चमध्ये सकाळची मिस्सा असते.

बावट्यांची खूण साधी आहे. लाल-पिवळे बावटे जेथे लावले असतील, त्या दोहोंच्या मध्येच पाण्यात उतरायचे. नुसता लाल बावटा म्हणजे उतरायचेच नाही, घोट्यापर्यंतही नाही. जीवरक्षकाने शिटी वाजविली की बाहेर. त्याच्याशी हुज्जत घालणारे आपले काही बंधू आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, की ट्रान्सफॉर्मरवर ‘धोका’ लिहिलेले असताना तुम्ही लाइनमनशी वाद घालता काय? जेथे जीवरक्षक नाही तेथे तेथल्या मच्छीमारांना विचारावे. कारवारपासून भटकळपर्यंत खारवी लोक आहेत, त्यांतली कितीतरी घरे आपल्याच धर्माची आहेत. पाणी कोठे खोल होते हे त्यांना आपल्या अंगणासारखे ठाऊक असते. मालवणच्या घटनेत स्थानिक लोकांनी मुलांना सावध केले होते, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले होते.

नदी समुद्राला मिळते त्या जागा तर सर्वस्वी टाळाव्या. आपल्या धारवाडात उगम पावलेली शाल्मला बेडतीला मिळते आणि ती नदी पुढे गंगावळी नावाने गोकर्णच्या जवळ समुद्रात जाते. घरची नदी म्हणून तिच्या मुखाशी पोहायचा मोह होईल. पण ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी आणि उतरते समुद्राचे पाणी दोन्ही मिळून बाहेर धावतात. कारवारला काळी, होन्नावरला शरावती, सगळीकडे तोच प्रकार.

भरती-ओहोटीचा हिशेब शेतकऱ्याला जमणार नाही असे नाही, कारण त्याला तिथी कळते. आपल्या घरात चर्चच्या कॅलेंडरशेजारी ‘कालनिर्णय’ टांगलेले असते, ते या कामी पाहायला हरकत नाही. कोकणातले जुने लोक तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे मुंबईकडे सुमारे तीन वाजता पूर्ण भरती; अष्टमीला सहाच्या सुमारास. गोवा-कारवारकडे ती अदमासे तासभर आधी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, मग पुन्हा भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, त्या दिवसांत पाणी अधिक चढते आणि अधिक वेगाने उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती सौम्य. हा केवळ अदमास आहे, बंदरातले वेळापत्रक नव्हे. पण सहलीची तारीख ठरविताना उधाणाचे दिवस सोडून देण्याइतका तो नक्कीच उपयोगी आहे. ओहोटीच्या वेळी खडकांवरून चालत दूर गेलेली मंडळी गप्पांत रमतात आणि मागची वाट केव्हा बुडाली हे त्यांना कळत नाही. शेवाळलेल्या खडकावर फोटो काढायला उभे राहणाऱ्यांविषयी तर लिहावे तेवढे थोडे.

जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचेच नाही, यावर चर्चा नको. गोव्यात २४ जूनला सांजांवचा सण असतो, तेथली माणसे विहिरीत उड्या घेतात, ते पाहून आपल्या तरुणांनी खवळलेल्या समुद्रात उड्या घेऊ नयेत. मात्र एप्रिल-मे महिन्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्या काळात समुद्र निर्धास्त असतो अशी समजूत आहे. दूर दक्षिणेकडच्या महासागरात वादळ होते आणि तेथल्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकतात. इकडे वारा नसतो, ढग नसतो, आणि पाणी एकदम वर चढते. केरळातील लोक याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात गणपतीपुरमच्या किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण अशाच लाटांत गेले. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेने त्या दिवसांसाठी आधीच इशारा दिलेला होता. हे इशारे आता मोबाइलवर मिळतात. सोयाबीनचा भाव दिवसातून तीन वेळा पाहणाऱ्याने निघण्यापूर्वी एकदा तेही पाहावे.

आता जे सर्वांत दुःखाचे, त्याकडे येऊ. एक बुडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, तिसराही बुडतो. भाऊ भावासाठी उडी टाकतो, बाप मुलासाठी टाकतो. या उडीमागचे प्रेम कोण नाकारील? आपल्या मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे आम्हीच वेदीवरून सांगतो. तरीही आमचे स्पष्ट मत असे, की हात रिकामे घेऊन पाण्यात शिरू नये. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला खाली दाबून स्वतः वर येऊ पाहतो. त्यात त्याचा दोष नाही. अशा वेळी आधी काहीतरी तरंगणारे फेकावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७व्या अध्यायात संत पौलाचे जहाज मेलिता बेटाशी फुटले त्याची हकिकत आहे. जहाजावर २७६ माणसे होती. ज्यांना पोहता येत होते त्यांना आधी उडी टाकायला सांगितले, बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर बसून आले, आणि एकही माणूस बुडाला नाही. सगळे वाचतील असे देवदूताने पौलाला आधीच सांगितलेले होते. म्हणून कोणी फळ्या सोडून दिल्या नाहीत.

आपली फळी कोणती? झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा तेलाचा डबा, पाण्याची मोठी बाटली, हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब. (औषध फवारणीचा रिकामा डबा मुळीच नको, तो कशासाठीही पुन्हा वापरू नये, हे आम्ही येथे पूर्वीही लिहिले आहे.) त्याला विहिरीचा लांब दोर बांधलेला असावा. तोही नसेल तर चार साड्या गाठी मारून जोडाव्या. फेकावे, ओढावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने ११२ ला फोन करावा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. ट्यूब मात्र बचावासाठीच ठेवावी, मुलांना खेळायला देऊ नये. सकाळच्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो ट्यूबवर बसलेल्या मुलाला पाहता पाहता खोल पाण्यावर नेतो.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोटावर पालथे घालून गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्या खेड्यांत अजून चालतात. ते थांबले पाहिजेत. त्याने वेळ जातो, उलटी होऊन ती फुप्फुसात जाते, आणि चार ते सहा मिनिटे श्वास बंद राहिला तर मेंदूची हानी सुरू होते. श्वास चालत नसेल तर उताणे निजवावे, डोके थोडे मागे करून हनुवटी उचलावी, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्यावे. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा जोराने दाबावे, पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नये. हे वाचून येत नाही, करून येते. आपल्यात परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या धर्मभगिनी आहेत, रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या मुली आहेत. एका रविवारी मिस्सेनंतर त्यांनी सभागृहात हे सर्वांना शिकवावे, अशी आमची विनंती आहे. ज्याने पाणी गिळले, खोकला, पण आता बरे वाटते म्हणतो, त्यालाही रुग्णालयात दाखवावेच. त्रास काही तासांनीही वाढतो.

जेलीफिश डसले तर त्यावर वाळू चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन धागे काठीने काढावे आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवावा.

वेळांकण्णीच्या माउलीला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट. २६ डिसेंबर २००४, नाताळचा दुसरा दिवस, रविवार. वेळांकण्णीला यात्रेकरूंची गर्दी होती. दूर इंडोनेशियात पहाटे झालेल्या भूकंपाच्या त्सुनामी लाटा सकाळी त्या किनाऱ्यावर आल्या आणि शेकडो यात्रेकरू वाळूवरच गेले. असा प्रसंग विरळा खरा, पण त्याची खूण सोपी आहे. समुद्र एकाएकी मागे सरला, तळ उघडा पडला, तर ते पाहायला पुढे जाऊ नये. सामान, चपला टाकून उंच जागेकडे पळावे आणि पहिली लाट ओसरली म्हणून परत येऊ नये.

दारूबद्दल वेगळे लिहायला नको होते, पण लिहितो. गोव्याला गेलेल्या आपल्या काही पुरुषांना असे वाटते, की घाट उतरला की दहा आज्ञांचा अंमल संपतो. उघड्या किनाऱ्यावर पिणे गोव्यात कायद्याने दंडनीय आहे, ही एक बाजू. दुसरी अशी, की प्यालेल्या माणसाला आपण किती खोल आलो याचा अंदाज राहत नाही आणि त्याला काढायला जाणाऱ्या तिघांचा जीव तो धोक्यात घालतो. ज्याने बाटली उघडली त्याने त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही आणि मुलेही त्याच्या भरवशावर सोडायची नाहीत.

मुरुडेश्वरला गेल्या त्या चौघी मुली होत्या. आपण मुलग्याला विहिरीत ढकलून पोहायला शिकवितो आणि मुलीला विहिरीजवळ फिरकू देत नाही. मग तीच मुलगी ओढणी-सलवारीत, पाण्याची काही सवय नसताना, एक दिवस थेट समुद्राच्या लाटेपुढे उभी राहते. ओले कपडे अंगाला गुंडाळतात आणि तिला पायसुद्धा उचलता येत नाही. हुबळी-धारवाडात पोहण्याचे तलाव आहेत, स्त्रियांसाठी वेगळ्या वेळा मागून घेता येतील. आपल्या मुलींना निदान पाठीवर पडून पाच मिनिटे तरंगता यावे, एवढे तरी आईबापांनी मनावर घ्यावे. लोक काय म्हणतील, हा प्रश्न आम्हांलाही विचारला जातो. लोकांना म्हणू द्या.

हा उपयोग काही समुद्रापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली पुष्कळशी घराजवळच्या पाण्यात. आपल्याकडे मलप्रभेचा कालवा आहे, उणकलचे तळे आहे, आणि आता ठिकठिकाणी शेततळी झाली आहेत. शेततळ्यातल्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही. काठावर खुंटा ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवा आणि भोवती कुंपण घाला. खर्च किती, तर एका फवारणीएवढाही नाही.

मुरुडेश्वरनंतर काही पालकांनी सुचविले, की सहली बंदच कराव्यात. त्यांची भीती आम्ही समजतो, पण हे आम्हांला पटत नाही. काळ्या मातीत जन्मलेल्या मुलाने एकदा तरी समुद्र पाहावा. देवाची निर्मिती किती मोठी आहे हे वर्गात शिकवून कळत नाही, ते त्या पाण्यासमोर उभे राहिले म्हणजे कळते. शिवाय आपण बंदी घातली तर तरुण पोरे न सांगता मोटरसायकली काढून जातील, आणि तेथे त्यांना आडविणारे कोणीच नसेल. म्हणून आमचे म्हणणे असे, की धर्मग्रामाच्या नावाने निघणारी बस काही अटींवर निघावी. जीवरक्षक असलेलाच किनारा निवडावा. कमरेच्या वर पाणी कोणालाही नाही, दहा वर्षांखालील मुलाला गुडघ्याच्या वर नाही, आणि तेही मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर. दोघादोघांच्या जोड्या लावाव्या. जोडीदार दिसला नाही की तत्काळ ओरडायचे. दोर आणि दोन डबे स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबरच बसमध्ये चढावे. ज्या आयोजकांना हे जाचक वाटेल त्यांनी धर्मग्रामाचे नाव न वापरता खुशाल जावे. आम्ही त्या बसला आशीर्वाद द्यायला येणार नाही.

नावांची यादी एका वहीत लिहून ती बसमध्ये ठेवावी. चढताना, किनाऱ्यावर उतरताना, पाण्यातून बाहेर आल्यावर, जेवणाच्या पंगतीत आणि परत निघताना, पाच वेळा प्रत्येकाचे नाव घेऊन हजेरी व्हावी. नुसती डोकी मोजू नयेत, कारण दुसऱ्याच बसमधले एखादे पोर मोजणीत येऊन आकडा जुळतो. हजेरी पुरी झाल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवू नये, मग घाट चढायला कितीही रात्र होवो.